रेडिएटरातले झिंगे

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. मंडई म्हटली की नाटक आलंच, आणि नाटक म्हटलं की ते वडशाहून आणायचं, नाटक कंपन्या सगळ्या तिथल्याच. माझ्या बायकोचं माहेर आरमोरीपासून बरंच आत, जंगलाच्या कडेला. त्या वर्षी त्या गावानं ठरवलं की नाटकाची मंडळी आणि पडदे येतील ट्रकनं, पण हिरोइन आणायची ती कारनं. शेजारच्या गावानं आदल्या वर्षी जीपनं आणली होती, तेव्हा जीपच्या खाली उतरणं शक्यच नव्हतं. आणि आसपासच्या वीस गावांत कार होती एकाचीच. माझी.

मी आरमोरीत मास्तर होतो. गाडी जुनी, दुसऱ्या हातची, पण पांढरी अशी की बोडीवरचे, म्हणजे शेततळ्यावरचे, बगळे तिला बघून पंख झटकत. तिच्यावर मी रोज फडका मारत असे. शाळेतली पोरं म्हणत, मास्तर आंघोळ चुकवतील, गाडीची चुकवणार नाहीत. यात अतिशयोक्ती आहे. आंघोळ मी फक्त थंडीत चुकवत असे.

गाडी मागायला आला माझा मोठा साळा, बायकोचा थोरला भाऊ. गावातला पहिला ट्रॅक्टर त्याचा. उंची साडेसहा फूट. मोजली नाही कुणी, पण आमच्या दारातून तो वाकून येई आणि जाताना विसरून कपाळ आपटून घेई, एवढं खरं. माझ्या दीड एकर धानाची चिखलणी तो दरसाल न सांगता करून जायचा. डिझेलचं विचारलं तर राग यायचा त्याला. अशा माणसाला नाही कसं म्हणणार?

"जवाई, गाडी पायजे जी. हिरोइन आनाची हाय."

"भाऊ, तुमाले कार चालवता येते का?"

"ट्रॅक्टर चालवतो ना मी. त्याचे दोन चाकं लहान, दोन मोठे. इचे तं चारही सारखे. इच्यात कठीन काय हाय?"

मी किल्ली दिली आणि सूचना दिल्या. हळू चालवा. खड्डे चुकवा. गिअर बदलताना ही गाडी झटका देते, तिचा गिअरबॉक्स नाजूक आहे, झटका अजिबात बसू देऊ नका. शेवटची सूचना बायकोनं दिली : हिरोइनला मागं बसवजो.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. आधी आवाज आला, मग वास आला, मग गाडी. आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत गेली. वास मात्र ओळखीचा होता आणि तिथंच माझं डोकं चक्रावलं. बायको अंगणात सडा टाकत होती. ती म्हणाली, "सकारी सकारी कोन झिंगे शिजवून राह्यलं वो?"

साळ्यानं डाव्या हातानं किल्ली दिली. उजव्या हाताला खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळलेला.

"हाताले काय झालं भाऊ?"

"काई नाई. चुलीवर भाजलं."

"गाडी कशी चालली?"

"मस्त. एक झटका नाई दिला."

आणि चहा न घेता तो एसटी स्टँडकडे चालू लागला. आमच्याकडे साळा बहिणीच्या घरून चहा न घेता गेला, तर मागं एक तरी गुन्हा असतो.

मी गाडी काढून शाळेपर्यंत नेली. जेमतेम अर्धा मैल. तेवढ्यात गरमीचा काटा तांबड्या रेघेला जाऊन चिकटला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी तिथंच बंद केली आणि शाळेतल्या पोरांकडून ढकलत घरी आणली. चार दिवसांनी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, नागपूरला. तारीख मिळायला आठ महिने लागले होते. आई एसटीत बसायची नाही. एकदा बसली होती तेव्हा भिवापूरपर्यंत ड्रायव्हरसकट सगळ्यांनी तिला लिंबं हुंगायला दिली होती आणि तरी उपयोग झाला नव्हता. तिचा एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यानं ती मला माझ्या चालण्यावरून ओळखत होती. म्हणजे गाडी गेली तर नुसती गाडी जाणार नव्हती.

पुढचे दोन दिवस मी बॉनेट इतक्या वेळा उघडलं की त्याच्या बिजागऱ्या सैल झाल्या. ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, उन्हात धरून बघायची. ऑइलमध्ये पाणी शिरलं तर ते ताकासारखं पांढुरकं होतं, म्हणजे इंजिनाचं गॅस्केट गेलं, म्हणजे संपलं, हे मी ऐकून होतो. मला दर वेळी ते थोडं पांढुरकं दिसे आणि बायकोला दर वेळी काळं.

"हे पांढरं नाई दिसत तुले?"

"तुमच्या आईच्या आधी तुमचेच डोरे दाखवा नागपूरले," ती म्हणाली. "आन् माह्या भावानं काई केलं असंन तं सांगितलं असतं त्यानं."

"सांगितलं ना. चुलीवर भाजलं म्हने. तो जन्मात चुलीजवळ गेला हाय का?"

ती बादली उचलून आत गेली. लग्नानंतर मी जिंकलेला हा पहिला वाद, आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला घरी आणलं. आरमोरीचा हा मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचा. त्यानं ऐकलं. मान हलवली.

"मास्तर, ही गाडी कोनी नांगराले लावली होती का?"

मग त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं, खालचा नळ सोडला आणि बादली लावली. आधी चिखल आला. मग शेवाळ. मग नळ तुंबला. त्यानं तारेनं खुपसलं तसा लालबुंद, व्यवस्थित शिजलेला एक झिंगा बादलीत पडला. त्याच्यामागून दुसरा. मी सात मोजले. मिस्त्री आजही तीनच होते म्हणतो, पण त्याचं लक्ष नळाकडे होतं, बादलीकडे माझं होतं.

"बोडीचं पानी हाय हे," मिस्त्री म्हणाला. "न गाळता टाकलं."

"इंजिन गेलं का?" मी विचारलं.

त्यानं रेडिएटर धुतला, स्वच्छ पाणी भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं आणि आत बघत उभा राहिला. पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट गेलं, असा हिशेब. आम्ही दोघं त्या भोकात असे बघत होतो की जाणाऱ्या बायकांना वाटलं, मास्तरची अंगठी आत पडली. बुडबुडा आला नाही. पट्टीवरचं ऑइल काळंच निघालं.

"वाचली," तो म्हणाला. "लय तापली होती, पन ज्यानं कोनी चालवली, त्यानं येळेवर थांबून थांबून पानी टाकलं. नाई तं भंगारात होती आज."

त्याच दुपारी मी गाडी घेऊन साळ्याच्या गावी गेलो. गाडी तपासायची होती, आणि साळ्यालाही. वाटेत मी जे भाषण तयार केलं ते विधानसभेत चाललं असतं. साळा खळ्यावर होता. हाताला कसलासा पाला बांधलेला, मनगटापासून कोपरापर्यंत कातडं सोललेलं. भाषणातलं पहिलं वाक्य मी विसरलो.

"भाऊ, गाडी कोनत्या गिअरात आनली वडशाहून?"

"दुसऱ्या."

"अख्खी?"

"तुमीच तं सांगतलं जी, झटका बसू देऊ नका म्हनून. गिअर बदललाच नाई तं झटका कुठून बसन?"

चिखलणीत ट्रॅक्टरचा गिअर मध्येच बदलत नाहीत. थांबलात की चाक रुतलं. एकदा टाकला तो बांध येईपर्यंत. हा माणूस पंधरा वर्षं तसाच चालवत आला होता, आणि माझ्या सूचनेनं त्याला वाटलं, कारचंही हेच आहे. दुसऱ्या गिअरात इंजिन तापून काटा वर गेला की तो थांबायचा, बोडीतून हिरोइनच्याच जेवणाच्या डब्यानं पाणी आणायचा, दुपट्ट्यानं झाकण पकडून उघडायचा. तिसऱ्या वेळी वाफेनं दुपट्ट्यासकट हात भाजला. त्यानंतर दोनदा त्यानं डाव्या हातानं उघडलं. हिरोइन प्रत्येक वेळी मोहाच्या झाडाखाली बसून राहिली. ती पोचेपर्यंत पडदा उघडून राजा तिसऱ्यांदा तेच गाणं म्हणत होता. गावानं साळ्याला चार शिव्या घातल्या. कार तापली, हे त्यानं गावाला सांगितलं नाही.

"काऊन नाई सांगतलं?"

"तुमच्या गाडीचं नाव खराब झालं असतं ना जी."

मी झिंग्यांचं काढलंच नाही. बायकोनं मात्र भावाला निरोप धाडला, त्यात झिंग्यांचा आकडा सातच होता, हे मला बरं वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी पहाट सरता सरता साळा दारात हजर. कपाळ आपटून आत आला. म्हणाला, मीबी येतो नागपूरले. आईला मी पुढं बसवलं, बायको आणि तो मागं. मी चौथ्या गिअरात होतो, पण नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. आईला ते दिसत नव्हतं, तरी तिनं विचारलं, "काय पाहून राह्यला रे एवढं?"

काटा मधल्या रेघेच्या खालीच होता. भिवापूर गेलं तरी खालीच होता. तेव्हा कुठं मी आरशातून मागं बघितलं. साळ्यानं दोन गुडघ्यांमध्ये पाण्यानं भरलेली मोठी कॅन घट्ट धरली होती, डाव्या हातानं. तिच्या तोंडावर नवा दुपट्टा बांधलेला.

"गाळून आनलं जी," तो म्हणाला. "दोनदा."