पांढऱ्या घराची खूण

हारुनभाई आमचे शेजारी. चाळीस वर्षं होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. पाण्याखालच्या ज्या खडकावर मासे जमतात, तो ते किनाऱ्यावरच्या खुणांवरून शोधतात. टेकडीवरचं पांढरं घर मशिदीच्या मिनारामागे आलं आणि दीपगृह कड्याला टेकलं, की होडीखाली खडक.

यंदा दिवाळीनंतर तीन खेपा खडक सापडला नाही. होडी पुतण्याची, उमेरची. तो म्हणाला, "चाचा, रविवारी शेवटचं बघू. नाहीतर मी दुसरा तांडेल ठेवतो."

त्याच आठवड्यात हारुनभाईंनी सुनेच्या, इफ्फतच्या मोबाइलवर एक थरारपट पाहिला. नायक एक गोळी गिळतो आणि आयुष्यात पाहिलेलं सगळं त्याला लख्ख आठवतं. मग त्याच्या मागे मारेकरी लागतात. मारेकऱ्यांचं हारुनभाईंना काही वाटलं नाही. त्यांनी मला येऊन विचारलं,

"तुम्ही शिकलेले. ही गोळी मेडिकलात मिळेल?"

"ती सिनेमातच मिळते, हारुनभाई."

"मग माझ्या डोक्याचं काय?"

रविवारी मीही होडीत बसलो.

सकाळी समुद्र दुधासारखा निवांत होता. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. धुक्यावर टेकडी तरंगत होती. इंजीन बंद केल्यावर हारुनभाई हळूच म्हणाले, "गोळी घेतल्यावर त्याला असंच दिसायचं. सगळं उजळ, आवाज कसला नाही."

खुणा जुळल्या. शिशाचं वजन बांधलेली दोरी त्यांनी सोडली. वजन खाली जाऊन मऊ रुतलं. चिखल.

"खडक दुबईला गेला वाटतं नोकरीला," उमेर म्हणाला.

हारुनभाई दोरी वर ओढू लागले. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "मिनाराच्या उजवीकडचं ते विटकरी घर कुणाचं?"

"विटकरी?" त्यांनी डोळे बारीक केले. बराच वेळ पाहत राहिले. "कौलं आहेत त्याला?"

"आहेत. पांढऱ्याला स्लॅब आहे."

"माझ्या खुणेच्या घराला कौलंच होती! रंग बदलला लेकाच्यांनी. हे पांढरं नवीन. उमेर, उत्तरेला घे. हळू."

विटकरी घर सरकत सरकत मिनारामागे गेलं. पुन्हा दोरी सुटली आणि मध्येच टणक काहीतरी लागून थांबली. उमेरनं ती स्वतःच्या हातात घेतली, उचलून दोनदा आपटून पाहिली.

"चाचा," तो म्हणाला, "उद्या किती वाजता निघायचं?"

"पाचला. उशीर केलास तर तुला सोडून जाईन."