दुर्गाबाईंची टोळी आणि अमरगडचं दार

बियाणं कंपनीत प्लॉट तपासनीस म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. तपासणीच्या अहवालांखेरीज काही लिहिलं नाही, त्यामुळे हे नीट उतरेल की नाही याची शंकाच आहे. पण वाटूरच्या दुर्गाबाईंबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं मनातून जात नाही, म्हणून बसलो.

दुर्गाबाई माझ्या शेजारी राहतात. कपाशीच्या क्रॉसिंगवर, म्हणजे संकरित बी धरवण्याच्या कामावर, जाणाऱ्या टोळीच्या त्या मुकादम. त्यांच्यासह अकरा बायका. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी नखानं सोलायची, आतले पुंकेसर काढायचे, वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून नर वाणाच्या झाडाचं फूल त्यावर फिरवायचं. दुर्गाबाईंनी सोललेल्या कळीत चुकून राहिलेला एक पुंकेसर मला भिंगातूनही कधी सापडला नाही. ठरलेल्या दिवशी क्रॉसिंग बंद होतं. त्यानंतर झाडावर येणारी प्रत्येक कळी खुडावी लागते, नाही तर साध्या बियांची बोंडं धरतात आणि सगळा माल बाद होतो. टपोरी कळी खुडताना भल्याभल्यांचा हात अडखळतो. दुर्गाबाईंचा अडखळलेला मी पाहिला नाही.

गेल्या सप्टेंबरात त्यांच्या मुलीनं, प्रियानं, फोनवर अमरगड नावाचा गेम घेतला. प्रिया परतूरला कॉलेजात जाते. गेममध्ये आपण एक योद्धा व्हायचं, त्याला नाव द्यायचं आणि गावं सोडवत गडापर्यंत जायचं. जाहिरातीत हत्ती होते, जहाजं होती, गडामागं निळा समुद्र होता. प्रत्यक्षात दहा वार केले की ताकद संपायची आणि घंटा वाजून पाटी यायची, 'चोवीस तास थांबा किंवा रत्नं विकत घ्या. अर्ध्या किमतीत, फक्त आज.' ही 'फक्त आज'ची पाटी रोज यायची. गडाच्या दाराशी तर कहर होता. दोन तास घाव पडला नाही, की दार आपोआप पहिल्यासारखं सांधलं जायचं.

एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मी चहा घेत होतो. प्रिया रडकुंडीला आली होती.

“आई, फक्त एकोणपन्नास रुपये.”

“कायचे? त्यानंच दार लावलं अन् तोच चावी इकून राह्यला का?”

“पैसेवालेच जातात पलीकडं. अन् हंगाम महिनाअखेर संपतो. मंग दारबी बंद.”

हंगाम म्हटल्यावर दुर्गाबाईंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. “दारावर एकट्यानंच मारायचं असतं का?”

“न्हाई. बारा जणांचा संघ करता येतो. पण बारा जण आणू कुठून?”

“अगं, अकरा जणी रोज सकाळी याच ओट्यापुढून निघतात. तू बारावी. तुला पलीकडं नेते, एक रुपया न देता. हा माझा शब्द.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तो गेम माझ्याही फोनवर होता. त्या दाराला मी पैसे दिले होते. किती, ते लिहीत नाही. पलीकडं काय आहे, ते मी पाहिलं होतं. पण या वयात सांगायची लाज वाटली आणि मी बशीत पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तपासणीला गेलो होतो, तेव्हा प्लॉटवर जेवणाच्या सुट्टीत दुर्गाबाईंनी पाळ्या लावल्या. बारा जणी, दर दोन तासांना एक. प्रत्येकीची पाळी पुन्हा येईपर्यंत तिची ताकद भरलेली. मी मनातल्या मनात दोनदा हिशेब करून पाहिला, कुठंच फट नव्हती. रात्रीच्या पाळ्या तान्ह्या लेकरांच्या आयांना, कारण त्यांची झोप तशीही मोडतेच. ज्या गेमपुढं मी सहा महिने हात टेकले होते, तो या बाईनं भाकरी खाता खाता टोळीत वाटून टाकला होता. दार किती उरलं ते दाखवणारी रेघ रोज केसभर कमी होऊ लागली.

चौदाव्या दिवशी भर दुपारी दुर्गाबाई प्लॉटवरून पळत माझ्या दारात आल्या. मागं सगुणाबाई, हातात ठिबकणारा फोन.

“सायेब, हिचा फोन बादलीत पडला. पाळी हिचीच हाय. अर्धा घंटा राह्यला. तुमच्या फोनवर हिचं खातं उघडंल का?”

मी गडबडीत गेम उघडला आणि तिथंच चूक झाली. आधी माझाच योद्धा दिसला.

दुर्गाबाईंनी फोन जवळ घेतला. “तुम्ही तर आत हायात!”

मी मान खाली घातली.

“हे पलीकडचं? समुद्र कुठंय?”

“समुद्र नाही, दुर्गाबाई. दुसरं दार आहे. त्याची रत्नं आणखी महाग.”

सगुणाबाई अंगणात फोन पदरानं पुसत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही. दुर्गाबाईंनी फोन परत माझ्या हातात ठेवला. मला वाटलं, आता सगळं सोडून देतील.

“टोळीला सांगू नका,” त्या म्हणाल्या. “मी शब्द दारापलीकडं न्यायचा दिलाय, समुद्राचा न्हाई. उघडा हिचं खातं, जल्दी.”

त्या दिवसापासून सगुणाबाईंची पाळी माझ्या फोनवर. मी रोज दुपारी प्लॉटवर जायचो. इतक्या वर्षांत चुका शोधायला गेलो होतो. टोळीतला म्हणून पहिल्यांदाच बांधावर बसलो.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, प्रियाही आली होती. दार खिळखिळं झालं होतं. सगुणाबाईंनी माझ्या फोनवर बोट टेकवलं आणि दार कोसळलं. बायकांनी असा कल्ला केला की पलीकडच्या शेतातले बगळे उठले.

मग धूळ बसली आणि दुसरं दार दिसलं. घंटा वाजली. 'फक्त आज.'

“अगं बाई, हे काय?” सगुणाबाई म्हणाल्या. प्रियाचा चेहरा उतरला.

दुर्गाबाईंनी तिला विचारलं, “नेलं का न्हाई पलीकडं?”

“नेलंस.”

“पैसे लागले?”

“न्हाई.” आणि प्रियाला हसू आलं.

“मंग झालं. क्रॉसिंग बंद. खुडा.”

“आता तर आत आलो, अक्का! हेबी तोडू की!” टोळीतली एकजण दुर्गाबाईंना म्हणाली.

“अन् त्याच्या मागं तिसरं. दिवस भरल्यावर कळी ठेवत न्हाईत.”

दुर्गाबाईंनी सगळ्यांत आधी आपल्या फोनवरून गेम काढून टाकला. मग एकेकीनं. सगुणाबाई म्हणाल्या, “माझा तर बादलीनंच खुडला,” आणि हशा पिकला.

“सायेब, तुमचा राह्यला.”

सहा महिन्यांत कितीदा तरी मी गेम काढून टाकायच्या बटणापर्यंत बोट नेऊन मागं घेतलं होतं. दिलेले पैसे आठवायचे. आताही आठवले. पण अकरा बायका माझ्या अंगठ्याकडं पाहत होत्या, जसं मी वर्षानुवर्षं भिंगातून त्यांच्या कळ्यांकडं पाहिलं होतं. मी बटण दाबलं.

दुर्गाबाईंनी माझा फोन हातात घेऊन, खालीवर सरकवून, काही राहिलं तर नाही ना ते पाहिलं.

“बराबर,” त्या म्हणाल्या, आणि लाल टोप्यांची पिशवी कमरेला बांधून सरीत शिरल्या.