सतरा वर्षं उशिरा दिलेला निरोप

पाण्यात चड्डी घालून उतरायचं नसतं, हे त्या म्हाताऱ्याने मला फार अदबीने सांगितलं. वाकून, हसून, जणू चूक त्याच्या पाण्याचीच होती. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. पण आमच्याकडे पुरुष बंद मोरीत एकटा असला तरी कमरेला काहीतरी ठेवूनच आंघोळ करतो. कोपऱ्यात जाऊन काढली, घडी केली आणि टोपलीत टॉवेलाखाली लपवली.

इथे कॅनडात, एडमंटनहून रॉकीज पर्वत ओलांडून दहा तास गाडी चालवली की डोंगरात गरम पाण्याचा एक झरा लागतो. म्हाताऱ्याने आणि त्याच्या बायकोने तिथे जपानी पद्धतीचं छोटं विश्रामगृह बांधलंय, त्याच्या आजोबांच्या गावाकडे असतात तसं. खोल्या पाचच. जमिनीवर गवताच्या जाड चटया, कागदाचे सरकते दरवाजे. आल्याबरोबर बूट काढायचे आणि सुती झगा चढवायचा. आमच्या लेकीने दोन रात्री बुक करून दिल्या होत्या. मेडिकल संपवून तिला रेसिडेन्सीची जागा मिळाली, त्या आनंदात. "यू गाइज नेव्हर गो एनीव्हेअर," म्हणाली.

बायको वाटभर खुशीत होती. खोलीतली सूचना वाचून म्हणाली, "बाप्पा! आधी स्टुलावर बसून साबण लावून आंघोळ, आणि मग आंघोळीला जायचं. अहो, तुम्हाला घरी एका आंघोळीला तास लागतो. इथे तर दोन आहेत. आता उद्याच भेटू."

पुरुषांचं कुंड एका बाजूला, बायकांचं दुसऱ्या. दोन्ही उघड्यावर, मध्ये देवदाराच्या फळ्यांची उंच भिंत. फेब्रुवारीतली संध्याकाळ, चारच वाजले असतील, पण उजेड निळा होत चालला होता. त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी पाहुणे नव्हते. बर्फ पडत होता आणि पाण्याला टेकायच्या आत नाहीसा होत होता. वाफ इतकी, की गळ्याखालचा मी मला दिसेना. हात वर काढला की तो हात माझा वाटायचा, खाली नेला की कुणाचाच नाही. असं किती वेळ बसलो कोण जाणे.

"आहात का?" पलीकडून आवाज आला.

"आहे."

"बोलत नाही म्हणून म्हटलं, बुडालात की काय. तसे तुम्ही कोरडेही बोलत नाहीच म्हणा."

मी हसलो. इतक्या वर्षांत तिचा नुसता आवाज असा मी क्वचितच ऐकला होता. कायम त्याच्याबरोबर तिचा चेहरा असतो, हातात डाव नाहीतर गाडीची किल्ली असते. तीस वर्षांपूर्वी नागपूरला तिला पाहायला गेलो, तेव्हा आतल्या खोलीतून कुणाला तरी दटावताना ऐकला होता, तो हा आवाज. तो वाफेतून तरंगत येत होता आणि मला वाटत होतं, आपण अजून त्या बैठकीतच बसलो आहोत, पुढचं काही घडलेलंच नाही.

"पोरीचं झालं हो," ती म्हणाली. "मला अजून खरं वाटत नाही." मग जरा थांबून, "माझं नाही झालं तेव्हा किती रडले होते मी. आता कळतं, माझ्यात तेवढं नव्हतंच. परीक्षा पास होणं वेगळं, निवड होणं वेगळं. त्यांना काहीतरी दिसलंच असेल ना."

कुणावर राग नाही, तक्रार नाही. बर्फ किती पडलाय हे सांगावं तसं सांगितलं तिने. म्हणूनच ते मला सोसवेना.

ती नागपूरची डॉक्टर. इथे आल्यावर सगळ्या परीक्षा तिने दुसऱ्यांदा दिल्या, एडमंटनच्या घराच्या बेसमेंटमध्ये हीटरजवळ बसून, मुलीला झोपवल्यावर. रेसिडेन्सीसाठी इंटरव्ह्यू झाला; ती केल्याशिवाय बाहेरून आलेल्याला इथे डॉक्टरकी करता येत नाही. वेटिंग लिस्टवर आहात, असं कळवलं त्यांनी. मार्चमधल्या एका शुक्रवारी बर्फामुळे मी ऑफिसातून लवकर आलो. ती मुलीला आणायला शाळेत गेली होती. फोनच्या मशीनवर लाल दिवा लुकलुकत होता. हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलचा निरोप: एक जागा मोकळी झाली आहे, सोमवारी दुपारपर्यंत कळवा.

मी ओल्या बुटांनिशी तो तीनदा ऐकला. माझी नोकरी दोनच महिन्यांपूर्वी पर्मनंट झाली होती. घर घेतलं होतं. हॅमिल्टन म्हणजे देशाचं दुसरं टोक. मी निरोप पुसला. बोट चुकून पडलं असं सांगायला मला आवडलं असतं. पण पुसायचं असेल तर पुन्हा दाबा, असं ते मशीन म्हणालं, आणि मी पुन्हा दाबलं. सोमवार गेला. पुढे जागा भरल्याचं पत्र आलं. तेव्हापासून ती लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. एका टोचणीत शीर सापडते तिला.

"अगं," मी वाफेला म्हणालो, "त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनी तुला घेतलं होतं."

आणि सगळं सांगितलं. चेहरा समोर असता तर नसतं सांगता आलं. मी धीट नाही, हे आता लपवून काय करायचं?

पलीकडची पाण्याची हालचाल थांबली. मला वाटलं, गेली उठून. फळ्यांवरून वाफ इकडून तिकडे जात होती, तिकडून इकडे येत होती.

"बाई होती की पुरुष?"

"बाई."

"नाव नीट घेतलं माझं?"

"आधी अडखळली. मग पुन्हा घेतलं, नीट."

"काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांगा."

मला पाठ होतं. सतरा वर्षं पाठ होतं. "वी आर व्हेरी प्लीज्ड टु ऑफर यू अ पोझिशन..."

"परत."

मी परत म्हणालो. शेवटपर्यंत, फोन नंबर सोडून.

"प्लीज्ड म्हणाली?"

"व्हेरी प्लीज्ड."

मग अगदी हळू, माझ्याशी नव्हेच, असं ती म्हणाली, "येते म्हणावं त्यांना." पाणी उसळल्याचा आवाज आला आणि तिकडचं दार सरकलं.

जेवण खोलीतच आलं. म्हातारीने लहान लहान वाट्या मांडल्या आणि बायको एकेकीबद्दल तिला विचारत राहिली. हे कुठलं पान, हे कशात मुरवलं. सगळं संपवलं तिने. मी भाताकडे बघत बसलो. म्हातारीने चटयांवर दोन गाद्या शेजारी शेजारी घातल्या. बायकोने तिची ओढून दूर नेली नाही. फक्त भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी झग्यातच बसून म्हणाली, "तुम्ही निघा. मी आजची रात्र एकटी राहणार आहे."

"मग परत कशी येशील?"

"सगळ्या परीक्षा दोनदा पास झालेली बाई आहे मी. खालच्या गावातून बस पकडता येईल मला." दरवाजा सरकवताना पुढे म्हणाली, "आणि पोरीला तुम्ही सांगायचं. मी यायच्या आत."

फोनला रेंज आली तिथे, एका गॅस स्टेशनवर, मी गाडी थांबवली आणि पोरीला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "सो मॉम नोज नाऊ? दॅट शी गॉट इन?"

"हो."

"गुड," म्हणाली आणि फोन ठेवला.

बायको तिसऱ्या दिवशी आली, गालांवर थंडीची लाली घेऊन. माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क वाटत नाही. पण एक झालं. आमच्या मंडळाच्या जेवणांना कुणी नवीन आलं, काय करता विचारलं, की पूर्वी ती "लॅबमध्ये असते" म्हणून विषय बदलायची. आता पोळी वाढता वाढता सांगते, "मी डॉक्टर. हॅमिल्टनला जागा मिळाली होती मला."

"मग गेला नाहीत?" समोरचा विचारतो.

ती पुढच्या पानावर पोळी वाढते. पुढचं मी सांगतो.