पहिल्या हाकेला ओ

भयकथांचे नवे संकेतस्थळ रविवारी सकाळी दहा वाजता सुरू होणार होते. ते दहा वाजून सहा मिनिटांनी सुरू झाले. ती सहा मिनिटे आमचे घरमालक ओट्यावरच्या खुर्चीत मोबाइल धरून बसले होते आणि मी शेजारी उभा होतो.

हाकेला ओ द्यायला त्यांच्याइतका वेळ लावणारा माणूस मुळशी तालुक्यात दुसरा नाही. तीन हाका आल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. माणूस तीनदा हाक मारतो, बाकीचे जे काही असते ते एकदा किंवा दोनदाच, असे त्यांना लहानपणी शिकवले गेले आहे. त्यामुळे गॅसवाला दोनदा ओरडून भरलेली टाकी पिरंगुटला परत घेऊन गेला. माझ्या खोलीतला नळ तुटला तेव्हा मीही घाईत दोनदाच हाक मारली आणि घोटाभर पाण्यात उभा राहिलो. नंतर ते म्हणाले, "साहेब, तुमीच हायेत हे मला कसं कळावं? तिसरी आलीच न्हाई." घोटावड्यात त्यांच्या सहा खोल्या भाड्याने आहेत. नव्या भाडेकरूला ते आधी हा नियम सांगतात, मग भाडे.

या माणसाचा इंटरनेटवरच्या भयकथांच्या चाहत्यांशी संबंध कसा आला, ते सांगायला हवे. पुण्याचा एक तरुण भयकथा सांगून इंटरनेटवर टाकत असे. तीन वर्षांपूर्वी गावाकडचे आवाज हवेत म्हणून एक कथा त्याने याच ओट्यावर बसून रेकॉर्ड केली. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातून हाक येते, अशी ती कथा. हाक येणार, तेवढ्यात मागून एक बाई म्हणते, "आटपा आता, चहा गार व्हतुया." आणि एक पुरुष म्हणतो, "आलो."

बाई म्हणजे घरमालकांची पत्नी. पुरुष म्हणजे ते स्वतः. तिच्या पहिल्या हाकेला त्यांनी ओ दिली आहे. पुढच्याच वर्षी ती वारली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

चाहत्यांना यातले काही ठाऊक नव्हते. हे वाक्य कथाकाराने मुद्दाम घातले, असे धरून त्यांच्या ग्रुपवर दोन वर्षे वाद चालला होता. हा उपरोध आहे का, आणि उपरोध म्हणजे नेमके काय? घरमालक त्या ग्रुपवर होते. जुन्या कथा काढून टाकल्या गेल्या आणि 'लवकरच नव्या संकेतस्थळावर, स्वच्छ आवाजात' अशी सूचना आली, तेव्हापासून सगळे रोज सकाळी तिथे 'हजर' असे लिहीत. मग वाद सुरू होई. घरमालकांनी एकदा लिहिले, "जावयासाठी कोंबडं कापलं आणि जावई माळ घालून आला, ह्याला उपरोध म्हणायचा." हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलीने उत्तर दिले, "काका, ते फक्त बॅड लक आहे." त्यावर चार दिवस गेले.

"खरं काय ते सांगून टाका ना," मी म्हणालो होतो. "कुणाकडे तरी जुनं रेकॉर्डिंग असेल."

"सांगितलं की गप व्हतील समदी," ते म्हणाले. "आता रोज कोण ना कोण तिचं बोलणं काढतंय. ऱ्हाऊ द्या."

कथाकाराला मात्र त्यांनी जुन्या रेकॉर्डिंगसाठी दोनदा निरोप पाठवला होता. उत्तर आले नव्हते.

दहा वाजून सहा मिनिटांनी त्यांनी ती कथा लावली. आवाज खरोखर स्वच्छ होता. पूर्वीचा वारा नव्हता, कुत्री नव्हती. चहाचे वाक्य यायचे तिथे काहीच आले नाही. थोडा वेळ पूर्ण शांतता होती, आणि मग त्यांचा स्वतःचा आवाज आला, "आलो."

त्यांनी तो भाग पुन्हा लावला. शांतता. "आलो." तिसऱ्यांदा लावला. तेच.

"तिला काढली," ते म्हणाले. "मला ठेवलंय."

ग्रुपवर तोवर नवा वाद पेटला होता. हा माणूस कुणाला ओ देतोय? अंगावर काटा आला, असे बऱ्याच जणांनी लिहिले होते. घरमालकांनी एका बोटाने, सावकाश टाइप केले : "ती माझी बायको व्हती. चहाला बोलवत व्हती. जुनं कुणाकडं असंल तर द्या."

पहिले उत्तर हिंजवडीच्या मुलीचे आले. हसणारे तीन चेहरे, आणि खाली, "काका, मानलं! याला म्हणतात उपरोध." पाठोपाठ अंगठ्यांची रांग लागली.

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. ओट्यावर आम्ही दोघेच होतो. घरात कोणी नव्हते. पुढचे दार उघडे होते आणि मागच्या दाराला आतून कडी होती, हे मी नंतर पाहून घेतले.

साडेदहाच्या सुमारास ते म्हणाले, "आलो," आणि उठून आत गेले. मला एकही हाक ऐकू आली नव्हती.