आगबोटीचं माहेर

आमच्या ह्यांना एका आगबोटीचा नाद लागला आणि माझा जळफळाट सुरू झाला. जित्याजागत्या बाईचा हेवा वाटला असता तर दारात जाऊन चार शब्द सुनावून आले असते. ही तर कधीच उत्तरेकडच्या बर्फात चेंगरून तळाला गेलेली. तिच्याशी भांडायचं कुठं जाऊन?

हे नौदलात इंजिनावर होते. कडेगावच्या ह्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत असतो, पण तो पायदळात. दर्यावर गेलेले गावात हे एकटेच. निवृत्त होऊन आल्यावर पारावर बसायला लागले, तर तिथं सगळे बर्फाच्या चौक्यांच्या गोष्टी सांगणारे. ह्यांच्याकडं सांगायला काय, तर इंजिनखोलीतला उकाडा. उकाडा आमच्या लोकांना उसाच्या फडात रोजच भेटतो, त्याचं कौतुक कोण करणार? हे गप्प बसून घरी यायचे.

मग मोबाइलवर त्यांना ही बोट सापडली. कुठल्याशा परदेशी आरमाराची, वाफेवर चालणारी, तोफा लावलेली, आणि पुढं चक्क ध्रुवाकडं निघालेली. बर्फही आला आणि आरमारही आलं. त्या दिवसापासून ह्यांचा चेहरा खुलला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढं गोठ्याशेजारच्या पडवीत तिची प्रतिकृती उभी राहायला लागली. दार करून उरलेली सागवानी फळी होती, तिच्यावर माझा डोळा होता. स्वयंपाकघरात मांडणी करून घ्यायची होती मला. ती फळी बोटीच्या कुशीला लागली. वर कराडहून बारीक खिळे, वार्निश, डोलकाठ्यांना दोरा. मी काही म्हणाले की उत्तर ठरलेलं, "अगं, थांब जरा, सुकाय पायजे."

शेजारचे सुभेदार रोज संध्याकाळी येतात. पायदळातले असून हे बोटीचं पुराण मन लावून ऐकतात. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा ह्यांचा आवाज अगदी हळवा झाला होता.

"पयल्यांदा किनाऱ्यानं गस्त घालायची ही. मग आरमारानं इकून टाकली. नव्या मालकानं तोफा काढल्या, आतनं तुळया घातल्या, तोंडाला लोखंडी पत्रा मारला."

"ते कशापायी?" सुभेदारांनी विचारलं.

"बर्फ दोन्हीकडनं दाबतंय न्हवं. नाजूक अंग कसं टिकायचं, सांगा!"

नाजूक अंग! माझा कुठला गुडघा दुखतो असं विचारलं तर हे आधी मी कशी चालते ते बघतील आणि मग सांगतील. कपबशी मी जरा आपटूनच ठेवली. चहा सांडला, पण तो ह्यांच्या नाही, सुभेदारांच्या बशीत. त्यांनी मुकाट्यानं पिऊन टाकला.

ह्यांचं लक्ष नसताना मोबाइलवर तिचा फोटोही बघितला मी. सडपातळ, उंच डोलकाठ्यांची, मधे एकच धुराडं. दिसायला बरी होती, खोटं कशाला बोलू? बघून आणखीच तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं भांडण झालं ते मागच्या महिन्यात. हे सुभेदारांना सांगत होते, "आता समदी तिला ज्या नावानं वळखत्यात ते नव्या मालकानं दिल्यालं. आरमारात व्हती तवा नाव येगळंच व्हतं. ते कोन घेत न्हाई आता. पर आपण ध्यानात ठिवायचं. मूळ इसरायचं न्हाई, सुभेदार."

मी मेथी निवडत होते. हात तिथंच थांबला.

मलाही लग्नाआधी दुसरं नाव होतं. मी पाटणच्या वरच्या अंगाची, कोयनेकाठची. लग्न होऊन आले तर ह्या घरात नव्या सुनेचं नाव बदलायची रीत. त्या रीतीनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, साखर वाटली गेली आणि जुनं नाव संपलं. ते नवं नाव लिहिणारा हात ह्यांचाच होता.

सुभेदार जाईपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "आवं, माझं माहेरचं नाव काय व्हतं?"

हे हसले. थट्टा वाटली असावी. मी हसत नाही असं बघून वर आढ्याकडं बघायला लागले. मग त्यांनी एक नाव सांगितलं.

"ते माझ्या धाकट्या भैणीचं," मी म्हणाले.

"असं व्हय? मग तुझं..."

"मग काय मग! बोटीची दोन्ही नावं तोंडपाठ हायती. तिला कुणी बांधली, लाकूड कुठलं घातलं, पयल्यांदा कुठं फिरली, समदं येतंय. मी तुमच्या घरात यायच्या आदी कोन व्हते हे कवा इचारलंसा? हेवा वाटतोय मला तिचा. लय वाटतोय."

"अगं, लाकडाची बोट ती."

"व्हय. आन् त्या लाकडाचं माहेर तुमाला ठावं हाय."

हे खाली बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बोटीची माहिती काढावी तसे एकेक विचारायला लागले. शाळा कितवीपर्यंत? शाळेला वाट कुठनं होती? आधी मी तोंड फुगवून होते, पण विचारलं जावं म्हणून इतकी वर्षं वाट बघितलेली, किती वेळ गप्प बसणार? सांगत गेले. नदीत भावांच्या पुढं पोहत जायचे हेही सांगितलं.

"तुला पवाय येतंय?" हे उडालेच. सारी उमर दर्यावर काढलेल्या माणसाला बायको पोहते हे ठाऊक नव्हतं.

"आता कुणाला इचारून खात्री करणार?" मी म्हणाले. आई गेली, बहीण गेली, भाऊ गेल्या वर्षी गेला. जुन्या नावानं हाक मारणारा तोच शेवटचा. तेव्हाच मला कळलं की माझ्या पोटात काय दुखतंय. ह्यांनी तिच्यावर जीव टाकला याचं मला एवढं नव्हतं. तिचं कुणीतरी लिहून ठेवलंय, म्हणून ती बुडाली तरी तिची माहिती मिळते. माझी कुठं मिळणार?

नाव मी सांगितलं. ह्यांनी मान हलवली, पण ते तोंडानं काही घेतलं नाही. सवय नाही. एवढ्या संसारात "अगं"च्या पुढं गाडी गेली नव्हती. मीही विषय सोडला आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर पुन्हा पहिल्यासारखी जळायला लागले.

परवा सकाळी सून भाकरी थापत होती, मी कांदा चिरत होते. न्हाणीतून ह्यांची मोठ्यानं हाक आली. तेच नाव. "टावेल इसरलाय, आण की!"

पिठाचे हात तसेच घेऊन सून दारापर्यंत गेली आणि अंगणात बघून आली.

"आवं आई, मामा कुणाला हाक मारत्यात? कोन आलंय?"

तोवर माझ्या तोंडून "ओ" निघून गेलं होतं.

"कोन न्हाई गं," मी म्हणाले. "मीच."