गाडीखालची रांगोळी

मुलुंडला राहायला आलो त्याच वर्षी मी एक जुनी विलायती गाडी घेतली. ती मला परवडली, कारण दुसऱ्या कुणालाच ती नको होती. ऑफिसात साहेबापुढे मान खाली घालून बसणारा मी, स्टिअरिंग हातात आलं की ताठ व्हायचो. फार जीव होता माझा त्या गाडीवर. ती मात्र इंजिनाच्या तोंडाशी तेल गाळायची, आणि तेही नेमकं बायकोच्या सारवलेल्या अंगणात.

दोन महिने बायकोनं काळे डाग पुसले. मग एक दिवस शांतपणे म्हणाली, "अहो, नवमीला संध्याकाळी मी इंजिनाखाली रांगोळी घालणार आहे. दसऱ्याला सकाळी तिच्यावर थेंब दिसला, तर गाडी द्यायची." घेणाराही तयार होता. आरे कॉलनीत नोकरी करणारे एक ओळखीचे गृहस्थ दसऱ्याच्या मुहूर्तावर येणारच होते.

शेजारी एक मालवणी फिटर राहायचा. आधी गिरणीत होता, आता जवळच्याच एका कारखान्यात. त्यानं वाकून पाहिलं आणि निदान केलं. इंजिनाचा फिरता दांडा, क्रँकशाफ्ट, जिथून बाहेर येतो तिथलं तेल अडवणारं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, सील झिजलंय. बाजारात तसलं सील मिळेना, म्हणून त्यानं जाड नमद्याची कडी कापली आणि तेलात भिजत घातली.

नवमीला मी रजा काढली. सकाळीच आम्ही रेडिएटर उतरवला, त्या दांड्यावरची पुली ओढून काढली, पुढचं झाकण सोडवलं. जुनं सील कोळशासारखं कडक झालं होतं. नवं बसवून झाकण जागेवर नुसतं टेकवलं आणि फिटरची पाळीवर जायची वेळ झाली. जाताना त्यानं बजावलं, "पयली पुली सरकव, मगे झाकणाचे बोल्ट आवळ. नायतर सील एका बाजूक चेपतला."

तो गेला आणि घरातून हाक आली. "हत्यारं धुऊन द्या हो. पूजा खोळंबलीय."

खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पाटावर मांडून पुजतात, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तिसऱ्या हाकेला मी गडबडलो. बोल्ट आधी आवळून टाकले आणि पुली मागून दाबून बसवली. राहिलेलं काम घाईघाईनं उरकलं आणि पाने, हातोडी, पक्कड, सगळं नेऊन दिलं.

संध्याकाळी गाडी स्टेशनपर्यंत फिरवून आणली. झकास चालली. तेवढ्यात फिटर कामावरून आला. मी काय केलं ते ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "वाट लावलंस. आता बोल्ट सैल करून परत आवळ. दोन मिनटांचा काम."

दोन मिनिटांचं काम, पण त्या विलायती बोल्टांना बसणारा एकुलता एक पाना पाटावर, झेंडूखाली, कपाळाला कुंकू लावून बसलेला. मी तिथं उगाच दोन खेपा घातल्या. बायकोनं सगळं ऐकलं होतं. ती रांगोळीचा डबा घेऊन बाहेर गेली आणि इंजिनाखाली आठ पाकळ्यांचं साधं कमळ काढून आली.

दसऱ्याला उजाडता उजाडता अंगणात आलो, तर ती आधीच गाडीशी बसलेली, हाताला रांगोळी लागलेली. मी वाकून पाहिलं. कमळ कुठंच नव्हतं. त्या जागी पिसारा फुलवलेला मोर होता, आणि त्याचा डोळा काळाभोर, तेलकट, चमकत होता.

मी तिच्याकडे पाहिलं.

"मोराला डोळा नको का?" ती म्हणाली. मग हात झटकत, जरा हळू आवाजात, "घाई मीच केली होती ना."

नऊच्या सुमाराला आरे कॉलनीवाले आले. तिनं त्यांना चहा दिला, आपट्याची पानं दिली आणि मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "गाडी द्यायची नाही. थेंबसुद्धा गळत नाही आता. हवं तर रांगोळी बघा."

गृहस्थांनी वाकून बघितली. मोर छान जमलाय म्हणाले.