वेशीवरचे तीन हॉर्न

आमच्या गावाच्या ॲम्ब्युलन्सचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्यात दोन ड्रायव्हर येतील, एक तो आणि एक मी. त्याच्यावर दोन पानं होतील आणि माझ्यावर दोन ओळी, हे मला आधीच ठाऊक आहे. म्हणून मीच लिहायला बसलो.

गाव पिशोरपासून थोडं आत आहे. मोठा दवाखाना गाठायचा तर कन्नड, वेरूळ, दौलताबाद, पडेगाव करत शहरात जायचं. पूर्वी पेशंटला काळी-पिवळी जीपमध्ये घालून नेत, आणि ती जीप सीटा भरल्याशिवाय हलत नसे. एकदा एक अडलेली बाई सीटा भरायची वाट बघत त्या जीपमध्येच दगावली. दुसऱ्या दिवशी विहाराच्या ओट्यावर सगळा गाव जमला. एकानं आपली जुनी जीप देऊन टाकली, पडेगावच्या एका वेल्डरनं मागची बाकं कापून स्ट्रेचर बसवलं. गावात घाटात गाडी चालवू शकणारे आम्ही दोघंच, शाळेपासूनचे दोस्त. एक आठवडा त्याचा, एक माझा. पुढं जीप गेली, व्हॅन आली, पण आठवडे तेच राहिले.

सुरुवातीलाच एक रीत पडली. जाताना सायरन, आणि येताना पेशंट सुखरूप असेल तर वेशीवर तीन हॉर्न. नसेल तर गाडी मुकाट आत यायची. तीन हॉर्न ऐकले की बाया हातातलं काम टाकून दारात येत, पेशंटचं तोंड बघत आणि ड्रायव्हरच्या तळहातावर साखर ठेवत.

आता नशीब बघा. पहिल्या वर्षी त्याच्या आठवड्यात बाळंतपणं आली आणि माझ्या आठवड्यात हार्ट अटॅक. त्याच्या वाट्याला मोडलेला हात, माझ्या वाट्याला विहिरीत पडलेला माणूस. तो हॉर्न वाजवत यायचा, मी मुकाट यायचो. वर्षभरात गावानं निकाल लावला. त्याला हातगुण आहे, मला नाही.

हातगुण डॉक्टरला असतो, फार तर सुईणीला. स्टिअरिंगला कसला आलाय हातगुण? गाडी मी त्याच्यापेक्षा चांगली चालवतो, हे तोसुद्धा नाकारणार नाही. पण बारशाचं बोलावणं त्याला. पाळण्याशेजारी खुर्ची त्याला. टॉवेल-टोपीचे इतके आहेर जमले की त्याच्या घरी माणसागणिक टॉवेल वेगळा. माझ्या घरी एकच नवा टॉवेल होता, तोही सासरवाडीचा. मी जळायचो. त्याच्या दारात पाहुण्यांच्या चपला दिसल्या तरी मी गल्ली बदलून जायचो.

हळूहळू लोक माझ्या आठवड्यातसुद्धा दारात येऊन विचारायला लागले, "तो हाय का गावात?" एकाच्या बापाला साप चावला. गाडी माझ्या दारात, किल्ली माझ्या खिशात, आणि घरचे त्याला शोधत मळ्यात फिरतायत. मी सगळ्या गल्लीसमोर ओरडलो, "अरे, गाडी इथं, डायवर इथं, अन् तुम्ही वेळ घालवून ऱ्हायले? अक्कल गहाण ठेवली का?" त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडून किल्ली घेतली आणि त्यालाच घेऊन गेले. म्हातारा वाचला. झालं, आता तर पुरावाच मिळाला.

त्याला याचा गर्व होता का? नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. तो म्हणायचा, "गड्या, मला काय येतं? मी निस्ता बोलत बसतो." असं म्हटलं की लोकांना तो आणखी आवडायचा.

मग गेल्या हिवाळ्यातली ती सकाळ. आठवडा माझा होता. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सोलता सोलता थांबली, छातीवर हात ठेवला आणि घामानं भिजली. मी आणि बायकोनं तिला उचलून स्ट्रेचरवर घेतलं, बायकोही मागं चढली. किल्ली लावली, सायरन लावला. कन्नडला जायला उजवीकडं वळायचं होतं. मी डावीकडं वळलो.

डावीकडं त्याचं शेत आहे. तो पाठीवर पंप घेऊन हरभऱ्यावर फवारणी करत होता. मी बांधावरून हाका मारल्या, पंप उतरवून तो धावत आला. यात दहा मिनिटं गेली. एवढ्या वेळात मी कन्नडच्या रस्त्याला लागलो असतो. हे सगळं मला कळत होतं, तरी मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "तूच चालव."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि गाडी काढली.

पेशंटशेजारी मी पहिल्यांदाच बसलो होतो. तो गिअर उशिरा टाकत होता, वळणाआधी फार लवकर ब्रेक मारत होता. मी दात ओठ खात होतो. पण तो बोलत होता. "मावशी, कन्नड गेलं बघा. मावशी, तुमच्या त्या मिरच्या लई तिखट निघाल्या, पोरं रडली माझी. मावशी, झोपायचं नाय, वेरूळ आलं." आणि आई, जिला श्वास पुरत नव्हता, ती मधूनच "व्हय" म्हणत होती. दौलताबादच्या दरवाज्यात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी होती. त्याला बघून एका बसवाल्यानं बस मागं घेतली, हात केला. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी एक रिक्षासुद्धा मागं घेतली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं, पण वाचतील. मी खाली मान घातली. तो बाहेर बाकावर बसून माझ्या बायकोला धीर देत होता.

पाचव्या दिवशी सुटी मिळाली. आठवडा अजून माझाच होता, गाडी मी चालवली. आईला न्यायला तोही आला होता, तो मागं तिच्याजवळ बसला. घाटात मी एक धक्का लागू दिला नाही. वेस दिसली. माझी आई, माझा आठवडा, माझी गाडी. मी हॉर्नवर हात ठेवला.

"थांब," मागून आई म्हणाली. "ज्यानं नेलं त्यानं वाजवावा."

असा नियम कधीच नव्हता. तिनं तो तिथल्या तिथं केला.

"ऱ्हाऊ द्या मावशी, वाजवल की तो," त्यानं म्हटलं.

"तू म्होरं ये, बाबा."

मी खाली उतरलो. त्यानं माझ्या जागेवर बसून तीन हॉर्न दिले, चांगले लांबलचक. दारं उघडली, बाया धावत आल्या, त्याच्या हातावर साखर पडली. त्यानं तो हात माझ्यापुढं केला. दाढ दुखतेय म्हणून मी नको म्हणालो.

मागचं दार उघडून मी आईला उतरवलं. तिनं सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला.

"तोंड काहून पाडलं?" ती माझ्या कानाशी म्हणाली. "त्याला बोलवाया कोण गेलतं?"

त्याच्या बांधावर गाडी मीच नेली होती.